हिरवा दिवा, पिवळा स्टिकर

आमच्याकडे दुरुस्तीला येणारं प्रत्येक मशीन दोन गोष्टी घेऊन येतं. एक बिघाड आणि एक किस्सा! बिघाड दोन-चार दिवसांत निघतो. किस्सा मात्र डोक्यात बसतो तो बसतोच. आमच्या नोंदवहीत शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे आणि तो जेमतेम दोन बोटं रुंद आहे. त्यात मी आजवर 'कनेक्टर बदलला', 'डिस्प्ले सैल' असलंच काहीतरी लिहीत आले. खरं काय घडलं ते लिहायला जागाच नाही. मग ते सगळं माझ्या पोटात साचत जातं आणि कुणी 'कसं चाललंय?' एवढं जरी विचारलं तरी मी सुरू होते. घरचे आता उठून जातात. तुम्ही बसा.

आधी आम्ही कोण ते सांगते. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमची छोटीशी लॅब आहे. केबल तपासायची जी इलेक्ट्रॉनिक यंत्रं असतात, ती आम्ही दुरुस्त करतो. शिवाय ती खरं बोलतात की खोटं, हे तपासून तसा कागद देतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. वाण्याचा काटा सरकारी वजनं लावून तपासतात ना, तेच हे काम. फक्त इथे किलोच्या जागी व्होल्ट! यंत्र पास झालं की त्यावर पिवळा स्टिकर लागतो. त्यावर आजची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि सही. ती सही माझी, माधुरी कुलकर्णीची.

लॅबचे मालक अण्णा चौगुले. सांगलीकडचे जैन, घरात पिढीजात हळदीचा व्यापार, आणि हे एकटेच विजेच्या नादी लागलेले. आवाज कधी चढत नाही. दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. त्यामुळे साइटवर कितीही काम पडलेलं असो, ऊन कलायला लागलं की अण्णा डब्याकडे बघायला लागतात. तिसरे आमचे हवालदार शिंदे. सैन्यात सिग्नलला होते, आयुष्य तारा ओढण्यात आणि जोडण्यात गेलं. बोलणं कमी, हात पक्का.

आणि चौथी व्यक्ती, जी आमच्याकडे कामाला नाही पण या सगळ्याच्या मध्यभागी आहे. हवालदारांची मुलगी मनीषा. ती शिरवळच्या एका केबल कंपनीत दोन नंबरच्या लाइनवर आहे. तिथे तयार केबलला मशीनने तीन हजार व्होल्ट द्यायचे, केबल टिकते का बघायचं. टेस्ट संपली की मशीन केबलमध्ये उरलेली वीज उतरवून टाकतं आणि हिरवा दिवा लावतं. हिरवा दिवा म्हणजे 'आता हात लावा'. मनीषा आणि तिच्या बरोबरच्या मुली दिवसभर त्या दिव्याच्या भरवशावर केबलला हात लावतात. त्या मशीनवरचा पिवळा स्टिकर माझ्या सहीचा.

म्हणून कुणी मला म्हणालं, 'मॅडम, एक स्टिकरच तर आहे!' की माझं डोकं का फिरतं, ते आधीच सांगून ठेवलं.

* * *

स्टिकरवरूनच सुरुवात करते. सांगलीकडच्या एका कारखान्यातून स्टोअर सांभाळणाऱ्या पाटलांचा फोन आला.

"मॅडम, उद्या ऑडिट हाय. सात मशिनी हायत. तेवढे सात स्टिकर पाठवून द्या."

"मशीन कधी पाठवताय?"

"मशिनी कशाला? मशिनी एकदम चांगल्या हायत!"

"चांगल्या आहेत हे कशावरून?"

"गेल्या वर्षीचा स्टिकर हाय की त्यावर!"

मी फोन आपटला. अण्णांनी तो उचलून पुन्हा नीट ठेवला आणि म्हणाले, "ताई, आपणच जाऊन येऊ." पुढच्या महिन्यात गेलो. पाटलांच्या स्टोअरमध्ये पाऊल टाकलं आणि मी बघतच राहिले. मशीनवर पिवळा स्टिकर. ठीक. पण पाण्याच्या कूलरवर स्टिकर, स्टेपलरवर स्टिकर, टेबल फॅनवर स्टिकर, भिंतीवरच्या घड्याळावर स्टिकर! सगळे पाटलांनी स्वतः बाहेर छापून आणलेले. सहीच्या जागी एक वेलांटी.

"अहो, हे काय?"

"आवं मॅडम, ऑडिटवाला जिथं स्टिकर न्हाई तिथं प्रश्न इचारतो. जिथं हाय तिथं इचारत न्हाई. मग म्हटलं, सगळ्यास्नीच लावून टाकावं!"

मी घड्याळाकडे बघितलं. ते वीस मिनिटं मागे होतं. खाली स्टिकरवर लिहिलं होतं, पास.

* * *

दसरा झाला की आमचा सीझन सुरू होतो. हे मी नवीन माणसाला सांगितलं की त्याला वाटतं, दिवाळीच्या ऑर्डरी असतील. ऑर्डरी कसल्या! खंडेनवमी!

कुपवाडच्या एका कारखान्यातला सुपरवायझर दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी स्वतः मशीन घेऊन आला. केबलवरचं प्लास्टिकचं वेष्टण वीज अडवतं की नाही हे बघायचा टेस्टर होता. माणूस चांगलाच तापलेला.

"मॅडम, तुमी पास केलेलं मशीन हाय हे. सगळी केबल फेल दाखवायला लागलंय! तीन दिवस माल अडकलाय. आमची केबल एक नंबर हाय. मशीनच खोटं बोलतंय."

मीही तापले. म्हटलं, उघडूच. हवालदारांनी वायर लावायच्या भोकांचा भाग सोडवला आणि टेबलावर एक कागद पसरून मशीन उलटं केलं. कागदावर काय पडावं? कुंकू. हळद. पाच-सहा अक्षता. झेंडूच्या दोन पाकळ्या, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा वाळलेल्या पाण्याचा थर. कुणीतरी भक्तिभावाने मशीनच्या दोन्ही भोकांत बोट घालून गंध लावलं होतं! केबलची वीज कुंकवातून गळत होती आणि मशीन बिचारं इमानाने 'गळती आहे, गळती आहे' सांगत होतं.

"पूजा कुणी केली?" मी विचारलं.

"मीच की," तो म्हणाला. "मशीनची पूजा करायची न्हाई व्हय?"

"करा ना! झाकणाला करा. पेटीला करा. भोकात कशाला?"

"आवं, देव काय झाकणात असतो?"

अण्णा मात्र इतका वेळ शांतपणे कागदावरची हळद चिमटीत धरून चोळून बघत होते. म्हणाले, "ताई, हळद अस्सल आहे हो. भेसळ नाही."

मी त्या माणसाला बजावून पाठवलं की पुढच्या वर्षी मशीनला बोट लावायचं नाही. वर्षाने दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन. आवाजात केवढा अभिमान!

"मॅडम, काळजी करू नका. यंदा मशीन कपाटात कुलूप लावून ठेवलंय. पूजा तुमच्या सर्टिफिकेटची केली!"

पुढे तपासणीला ते सर्टिफिकेट माझ्यासमोर आलं. सगळी रीडिंग कुंकवाखाली गेली होती. फक्त माझी सही तेवढी स्वच्छ दिसत होती.

* * *

फलटणकडच्या एका साखर कारखान्यातून एक पेटी आली. जमिनीखालच्या केबलमध्ये बिघाड कुठे आहे हे शोधायचं मशीन. बरोबर चिठ्ठी, 'दोन वर्षे वापरले नाही, तरी बंद पडले. असे कसे झाले याचा खुलासा करावा.' खुलासा आम्ही करायचा! दोन वर्षं साखरेच्या गोडाऊनमध्ये पोत्यांना टेकवून मशीन ठेवायचं आणि वर आम्हालाच जाब विचारायचा.

हवालदारांनी झाकण उघडलं आणि पुन्हा हळूच लावलं. "मॅडम, रिपोर्ट असा हाय, की आत वस्ती हाय."

मुंग्या. लाल, बारीक, शेकड्यांनी. सर्किट बोर्डाच्या खाली अंडी. मी ब्लोअर आणायला उठले. हवेचा एक झोत मारला की दोन मिनिटांत मोकळं. अण्णांनी हात वर केला.

"ताई, ब्लोअर नको."

मग अण्णांनी जे केलं ते मी इतक्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये बघितलेलं नाही. मशीन अंगणात नेऊन सावलीत ठेवलं. झाकणाला कागदाची पट्टी लावून तिचं दुसरं टोक कण्हेरीच्या मुळाशी टेकवलं, तिथे गुळाचा खडा ठेवला आणि स्वतः खुर्ची टाकून शेजारी बसले. अर्धा दिवस! कारखान्याच्या इंजिनिअरचे तीन फोन आले. तिसऱ्याला मी वैतागून खरं काय ते सांगितलं, "अजून सगळ्या निघाल्या नाहीत."

"कोण निघाले नाहीत?"

"मुंग्या."

मग तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे कुणी मोठं माणूस आहे का?"

"आहेत. तेच मोजतायत."

* * *

आता शिरवळचा. मनीषाच्याच कंपनीचा, पण एक नंबरच्या लाइनचा.

तिथे तांब्याच्या तारेवर प्लास्टिक चढतं आणि ती तार पळत पळत एका डब्यातून जाते. डब्यात मण्यांच्या साखळ्या लोंबत असतात आणि त्या साखळ्यांत वीज असते. प्लास्टिकला सुईएवढं जरी भोक असलं तरी तिथे ठिणगी पडते आणि बझर वाजतो. कॅलिब्रेशनला मी मुद्दाम भोक पाडलेली तार घेऊन जाते. ती सोडली. ठिणगी पडली. बझर गप्प.

पुन्हा सोडली. ठिणगी. गप्प.

हवालदार वाकले आणि त्यांनी बझरच्या जाळीतून दोन बोटांनी एक चिंधी ओढायला सुरुवात केली. ओढतायत, ओढतायत! निम्मा टॉवेल निघाला. टॉवेल निघाला तसा बझर असा काही ओरडला की शेजारच्या ऑपरेटरच्या हातातलं रजिस्टर पडलं.

"कुणी कोंबलं हे?"

ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, लय वरडतंय ते. दिवसभर डोकं उठतं."

"अरे, ओरडतंय म्हणजे भोक आहे!"

"व्हय, पर भोकं लय हायत."

त्याच्यावर मला रागावता येईना. मी तडक त्यांच्या प्रॉडक्शनच्या साहेबांकडे गेले. एसी केबिन, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. म्हणाले, "मॅडम, बझर वाजला की लाइन थांबते. लाइन थांबली की टार्गेट जातं. तुम्ही मशीन बघा, आवाजाचं आम्ही बघतो."

म्हटलं, हा माणूस आवाज बंद करून वर मला शहाणपण शिकवतोय! तेवढ्यात त्यांच्या डोक्यामागची फळी दिसली. तिच्यावर एक चकचकीत ट्रॉफी होती. 'शून्य दोष. उत्कृष्ट लाइन. लाइन क्रमांक एक.'

या साहेबांना लक्षात ठेवा.

* * *

सगळ्यांना नावं ठेवते, तर माझाही एक सांगून टाकते. नाहीतर हवालदार सांगतील, आणि ते जास्त रंगवतील.

पाटणच्या पुढे, डोंगराच्या कुशीत एका छोट्या वीजकेंद्रात केबल तुटली होती. पुरलेली केबल. आमचं मशीन केबलमध्ये एक ठोका पाठवतं, तुटल्या जागेवरून तो परत येतो आणि मशीन अंतर सांगतं. मशीन म्हणालं, दोनशे चौदा मीटर. मी टेप लावून दोनशे चौदा मीटर मोजले, चुन्याची फुली मारली आणि म्हटलं, "खणा."

तिथे एक म्हातारे वायरमन होते, आप्पा. झाडाखाली बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "मॅडम, हितं न्हाई घावायचं."

मी म्हटलं, "आप्पा, मशीन कालच कॅलिब्रेट केलंय."

"बरं," म्हणाले.

दोन माणसांनी दुपारपर्यंत कंबरभर खड्डा खणला. केबल सापडली. ठणठणीत! कुठे ओरखडासुद्धा नाही. मी पुन्हा मशीन लावलं. दोनशे चौदा. अलीकडे खणलं. पलीकडे खणलं. अण्णा डब्याकडे बघायला लागले. शेवटी मी घाम पुसत आप्पांसमोर जाऊन उभी राहिले.

"आप्पा, कुठे खणू?"

आप्पा उठले, मागे चालत गेले आणि काठीने एक जागा दाखवली. फुलीच्या तीस-एक पावलं अलीकडे. हातभर खणलं आणि काळवंडलेली, तुटलेली केबल वर आली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"केबल म्याच पुरली की. पयल्या खांबाजवळ जादा केबलीचं वेटोळं करून गाडलंय, पुढं मागं लागंल म्हनून. तुमच्या मशीननं ते वेटोळं बी मोजलं."

मशीन बरोबर बोलत होतं! केबल दोनशे चौदाच मीटर होती. जमीन तेवढी नव्हती.

"अहो आप्पा, मग सकाळीच सांगायचं ना!"

आप्पांनी सुपारी तोंडात टाकली. "तुमी मशीनला इचारलं, मॅडम. मला कुठं इचारलं?"

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. मशीन उघडायच्या आधी, ते ज्याच्या हातात असतं त्या माणसाला विचारायचं. साहेबाला नाही, त्या माणसाला.

* * *

म्हणूनच मध्यंतरी एकदा हवालदार सकाळी येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. ते असे कधी उभे राहत नाहीत.

"मॅडम, मनीषा म्हणती, हिरवा दिवा लागल्यावर बी झटका बसतो."

"कधीपासून?"

"महिना झाला. सुपरवायझर म्हणतो, हात कोरडं ठिवा."

मी मनीषाला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, पयल्यांदी दिवा लागायला वेळ लागायचा. आता लगीच लागतो. तवापासनं झटका बसायला लागलाय. परवा शेजारची सुनीता झटक्यानं मागं आपटली. तिला वाटलं, तिचंच चुकलं."

मशीनची तपासणी तशीही जवळ आली होती. मी ती दोन आठवडे अलीकडे ओढली आणि मशीन मागवून घेतलं. दोन नंबरच्या लाइनचं काम तोवर शेजारच्या लाइनच्या मशीनवर भागणार होतं.

हवालदारांनी स्वतः मोजलं. तीन हजार व्होल्ट दिले, टेस्ट संपली, दोन सेकंदांत हिरवा दिवा लागला. केबलवर अजून सातशे व्होल्ट होते! त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग आकडा वहीत लिहिला, पेन बंद करून खिशाला लावलं आणि बाहेर जाऊन कण्हेरीजवळ उभे राहिले.

मी झाकण काढलं. मला वाटलं होतं, एखादा भाग जळाला असेल. काहीही जळालेलं नव्हतं. हिरव्या दिव्याची तार मूळ जागेवरून सोडवून एका टायमरला नेऊन जोडलेली होती. नवी तार, सोल्डरचा ताजा डाग. मशीन बनवणाऱ्यांनी दिवा असा जोडला होता की केबलमधली वीज पूर्ण उतरल्याशिवाय तो लागूच नये. आता तो घड्याळावर लागत होता. वीज असो नसो, दोन सेकंद झाले की हिरवा!

मी त्याच प्रॉडक्शनच्या साहेबांना फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"हो, ते आम्हीच केलं," साहेब म्हणाले. जसं काही भिंतीला रंग दिला! "मॅडम, डिस्चार्जला बारा सेकंद लागायचे. प्रत्येक केबलला बारा सेकंद. दिवसाचा किती वेळ जातो, माहीत आहे तुम्हाला?"

"साहेब, केबलवर सातशे व्होल्ट उरतात."

"झटका बसतो थोडा. त्याने कुणी मरत नाही."

हवालदार दारात येऊन उभे होते. साहेबांना माहीत नव्हतं की कुणाची मुलगी कुठे काम करते. मी म्हणाले, "मी तार पूर्वीसारखी जोडते, मग सही करते."

"तारेला हात लावायचा नाही. एक तर आहे तसं पास करा, नाहीतर आहे तसं परत द्या. सर्टिफिकेट देणारे तुम्ही एकटेच नाही."

"साहेब, माझी सही मिळणार नाही."

फोन कट. अण्णा हे सगळं ऐकत होते. शिरवळचं काम म्हणजे आमचं निम्मं काम. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. अण्णा म्हणाले, "ताई, चहा गार झाला तुमचा. दुसरा करायला सांगतो."

आठ दिवस मशीन माझ्या टेबलावर पडून होतं. झाकण काढलेलं, स्क्रू वाटीत, वरून फडकं झाकलेलं. नवव्या दिवशी कंपनीचे ड्रायव्हर पोपटराव टेम्पो घेऊन आले. हातात पाकीट.

"मॅडम, मशीन न्यायचंय. आन् ह्यो स्टिकर दिलाय सायबांनी. तेवढा तुमीच चिकटवून द्या म्हणलं. सरळ चिकटवा म्हणलं, ऑडिट हाय."

मी पाकीट उघडलं. दुसऱ्या कुठल्यातरी लॅबचा पिवळा स्टिकर. बरोबर सर्टिफिकेट. आमच्याकडे पडलेल्या मशीनचाच नंबर. पाच रीडिंग, पाचही मर्यादेत. 'सुरक्षा दिवा, समाधानकारक.' तपासणीची तारीख कालची!

काल ते मशीन माझ्या टेबलावर फडक्याखाली होतं. मी काल त्या फडक्यावर डबा ठेवून जेवले होते!

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पोपटराव दोन पावलं मागे सरकले. अण्णांनी सर्टिफिकेट हातात घेतलं, चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "हवालदार, झाकण लावा. तारेला हात लावू नका. त्यांनी सांगितलं होतं तसंच राहू दे. एक केबल जोडून ठेवा."

मग फोन लावला. आवाज नेहमीसारखाच.

"साहेब, नमस्कार. चौगुले बोलतोय. स्टिकर पोहोचला हो. मशीन जोडून तयार आहे. फक्त एक विनंती आहे, घ्यायला तुम्ही स्वतः या. टेस्ट लावू, हिरवा दिवा लागला की तुम्ही केबलला हात लावा आणि मशीन घेऊन जा. स्टिकर ताई तुमच्यासमोर चिकटवतील. अगदी सरळ."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "अहो, मी कशाला? ऑपरेटरला लावायला सांगा की हात!"

"ऑपरेटर रोजच लावतात, साहेब," अण्णा म्हणाले. "आज तुम्ही या. दिवस मावळायच्या आत आलात तर जेवायलाच बसू."

अण्णांनी खरंच घरून एक डबा जास्तीचा मागवला. मशीन टेबलावर, केबल जोडलेली, शेजारी स्टिकर. पोपटराव बाकावर. सगळे फाटकाकडे बघत बसलो. ऊन उतरलं तशी अण्णांनी पानं मांडली आणि तो जास्तीचा डबा पोपटरावांसमोर सरकवला. पोपटराव जेवले, हात धुतले, रिकामा टेम्पो घेऊन गेले. जाताना म्हणाले, "अण्णा, सायब काय येत न्हाईत."

मशीन अजून आमच्या कपाटावर आहे. स्टिकर पाकिटात आहे.

पंधरा-वीस दिवसांनी हवालदारांनी मला त्यांचा फोन दिला. मनीषा होती. दोन नंबरच्या लाइनवर नवंकोरं मशीन आलं होतं.

"कसं आहे मशीन?" मी विचारलं.

"चांगलं हाय, ताई. पर हिरवा दिवा लागायला लय वेळ घेतंय. सुपरवायझर सारखा कावतो."

मी फोन हवालदारांकडे दिला. त्यांनी पोरीचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"घेऊ दे," म्हणाले.